'निदान' आणि 'फक्त' : एका लहान मोटारीचा इतिहास

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती वाचीत बसणें हा कोणास रिकामटेकडेपणा वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें त्या अवश्य वाचाव्या असें माझें मत आहे. बखरकार जसा आपल्या धन्याची स्तुति करतो, तसा जाहिरात लिहिणारा आपल्या मालाची स्तुति करीत असतो. आणि त्या स्तुतीच्या आड खरी हकीकत कोठें दडली आहे हें शोधण्याचें काम दोन्ही ठिकाणीं सारखेंच आहे.

आज अशीच एक जाहिरात मी आपल्यापुढें ठेवणार आहें. फ्रान्समध्यें आणि इंग्लंडमध्यें जुन्या गाड्यांच्या बाजारांत ती निरनिराळ्या शब्दांत वारंवार दृष्टीस पडते. तिचा आशय थोडक्यांत असा असतो : 'विकणें आहे. रेनो क्लिओ विल्यम्स, १९९३ सालची, पहिल्या मालिकेंतील. रंग निळा, चाकें सोनेरी. मर्यादित आवृत्ति. क्रमांकाची मूळ पट्टी जागेवर आहे.'

या चार ओळींत गाडीची किंमत ठरविणारे शब्द कोणते? रंगाचे नव्हेत, चाकांचेहि नव्हेत. 'मर्यादित' आणि 'क्रमांक' हे ते दोन शब्द होत. तीस वर्षांची सामान्य लहान मोटार बहुधा भंगाराच्या भावानें जाते. हिला मात्र हे दोन शब्द भंगाराच्या ढिगांतून उचलतात आणि संग्राहकाच्या कुलूपबंद कोठींत नेऊन ठेवतात. मग ही मर्यादा घातली कोणी, कोणत्या हेतूनें घातली, आणि ती पाळली गेली काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्याचा प्रयत्न आपण या थोड्या मिनिटांत करूं.

प्रथम गाडीच्या जातीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जिच्या मागच्या बाजूस कांचेसकट वर उचलून उघडणारें दार असतें आणि सामान ठेवण्याची जागा बसण्याच्या जागेस जोडलेलीच असते, त्या मोटारीस 'हॅचबॅक' म्हणतात. रेनो कंपनीनें १९६१ सालीं आपली 'रेनो ४' अशाच घडणीची काढली. १९७२ सालीं तिच्यामागून 'रेनो ५' आली, आणि १९७४ सालीं जर्मनींत फोक्सवागनची 'गोल्फ' निघाली. ही गृहस्थाची गाडी होय. तिच्यांत भाजीच्या पिशव्या मावाव्या, मुलें बसावीं, तेल थोडें लागावें आणि गल्लींत ती सहज वळावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. अशा घरेलू गाडीचा शर्यतीशीं आणि क्रमांकाच्या पट्टीशीं संबंध यावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु तो संबंध आला, आणि तो एका नियमामुळें आला.

तो नियम असा. मोटारींच्या शर्यतींत कांहीं प्रकार केवळ शर्यतीसाठीं घडविलेल्या गाड्यांचे असतात. परंतु दुसरे कांहीं प्रकार असे आहेत कीं ज्यांत बाजारांत विकली जाणारी मोटारच धांवली पाहिजे. येथें कारखानदारास लबाडी करण्यास वाव असतो. एकच विलक्षण यंत्र हातानें घडवावें, त्यावर बाजारांतील गाडीचें नांव लावावें आणि बक्षीस न्यावें! ही लबाडी बंद करण्यासाठीं नियमकर्त्यांनीं अट घातली कीं, त्या नमुन्याच्या निदान अमुक इतक्या गाड्या कारखान्यानें तयार केल्या पाहिजेत. तेवढ्या झाल्या म्हणजे त्या नमुन्यास शर्यतीची मान्यता मिळते. युरोपांत या मान्यतेस 'होमोलोगेशन' म्हणतात. श्रोत्यांनीं या अटींतील 'निदान' हा शब्द ध्यानांत ठेवावा. नियमानें जो आंकडा सांगितला तो खालचा आहे, वरचा नव्हे. इतक्यांपेक्षां अधिक करूं नका, असें शर्यतीच्या नियमानें कधींहि म्हटलेलें नाहीं.

या नियमाचें एक प्रसिद्ध फळ म्हणजे १९६१ सालची इंग्लंडमधील 'मिनी कूपर'. मिनीला मागें उचलायचें दार नव्हतें. म्हणून ती काटेकोर अर्थानें हॅचबॅक नव्हे. परंतु आपण ज्या गाड्यांविषयीं बोलत आहोंत त्यांची ती थोरली बहीण खास. शर्यतींच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या सल्ल्यानें या चिमुकल्या मोटारीस अधिक जोराचें एंजिन आणि चांगले ब्रेक मिळाले. शर्यतीच्या मान्यतेसाठीं प्रथम १,००० गाड्या काढण्याचें ठरलें, आणि प्रत्येक गाडीमागें कूपर यांस दोन पौंड मानधन मिळूं लागलें. पुढें १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन सालीं मिनीनें माँटे कार्लोची बर्फाळ घाटांतून जाणारी रॅली जिंकली. हजारांचा आंकडा केव्हांच मागें पडला. तथापि कोणा ग्राहकानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण 'हजारांवर काढणार नाहीं' असें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें.

हीच कथा पुढें जर्मनींत घडली. फोक्सवागनचे कांहीं मोजके अभियंते कामाचे तास संपल्यावर, वरिष्ठांचा हुकूम नसतांना, गोल्फच्या एका चपळ अवताराची जुळणी करीत होते. अल्फोन्स लोव्हनबर्ग हे त्यांत प्रमुख होते. १९७५ सालीं कंपनीनें त्यास संमति दिली, त्याच वर्षीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत ती गाडी मांडली गेली, आणि १९७६ सालीं 'गोल्फ जीटीआय' या नांवानें ती विक्रीस आली. १.६ लिटरचें एंजिन, ११० अश्वशक्ति, ताशीं १८२ किलोमीटर वेग, आणि किंमत १३,८५० मार्क. गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ आणि आसनांवर चौकड्यांचें कापड ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंची कल्पना होती. अशा ५,००० गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा मूळ बेत होता. प्रत्यक्षांत त्या पहिल्या पिढीच्या ४,६१,६९० गाड्या तयार झाल्या! बेत पांच हजारांचा होता, पण तो कारखान्याच्या वहींत होता. ग्राहकाच्या हातीं दिलेल्या कागदावर नव्हता. म्हणून बेत मोडला तरी शब्द मोडला नाहीं.

यानंतरच्या काळांत शर्यतीचा 'निदान' उत्तरोत्तर लहान होत गेला, आणि त्याबरोबर एक निराळाच प्रकार जन्मास आला. ज्या वर्गांत ४०० गाड्या पुरत होत्या त्या वर्गासाठीं रेनोनें १९८० सालीं 'रेनो ५ टर्बो' काढली. बाहेरून पाहिली तर घरगुती रेनो ५ ची रुंद झालेली बहीण; आंत पाहावें तर मागच्या आसनांच्या जागीं एंजिन! १९८१ सालीं ज्याँ रान्योती यांनीं तिच्यासह माँटे कार्लोची रॅली जिंकली. पुढें १९८२ पासून 'ग्रुप बी' नांवाचा वर्ग सुरू झाला, आणि त्यांत बारा महिन्यांत २०० गाड्या केल्या कीं भागत असे. प्यूजोची '२०५ टर्बो १६' ही त्यांतीलच. दुरून ती शेजाऱ्याच्या दारांतील २०५ सारखीच दिसे, पण १९८५ व १९८६ या दोन्ही सालचें जागतिक विजेतेपद तिनें मिळविलें.

दोनशेंचा आंकडा इतका अल्प होता कीं, नियमाचा मूळ हेतु त्यांत बुडून गेला. बाजारांतील गाडी आणि शर्यतींतील गाडी यांचें नातें नांवापुरतें उरलें. शक्ति मात्र बेसुमार वाढली. १९८६ सालीं पोर्तुगालच्या रॅलींत एक गाडी रस्त्याच्या कडेच्या गर्दींत शिरून तिघे प्रेक्षक प्राणांस मुकले. आणि त्याच वर्षीं २ मे रोजीं कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन हा फिनलंडचा तरुण चालक आणि त्याचा सहकारी सर्जिओ क्रेस्टो हे आपल्या लान्सिया गाडीसह दरींत कोसळून जळून मेले. त्या वर्षअखेर तो वर्गच रद्द झाला, आणि त्याच्या जागीं 'ग्रुप ए' आला. त्यांत निदान ५,००० गाड्या केल्याच पाहिजेत असा दंडक होता. १९९३ सालीं तो २,५०० वर आणला गेला. नियमावलींतील आंकडा हा कारकुनाच्या सोयीचा विषय नसून त्यावर माणसांचें जगणें-मरणें अवलंबून असूं शकतें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. या नव्या वर्गांत लान्सियाची 'डेल्टा', म्हणजे पांच दारांची एक हॅचबॅकच, १९८७ पासून १९९२ पर्यंत लागोपाठ सहा वेळां जागतिक विजेती ठरली.

आतां आपण आपल्या जाहिरातीकडे परत येऊं.

१९९० च्या सुमारास रेनोचें नांव शर्यतींत सर्वतोमुखीं होतें. फॉर्म्युला वनमध्यें इंग्लंडच्या विल्यम्स संघास एंजिनें रेनो पुरवीत असे, आणि त्या जोडीनें १९९२ सालीं नायजेल मॅन्सेल यास आणि १९९३ सालीं आलें प्रोस्त यास जगज्जेता केलें. रॅलीसाठीं मात्र रेनोला आपल्या 'क्लिओ' या लहान हॅचबॅकचा अधिक जोरदार नमुना हवा होता, आणि त्याला मान्यता मिळविण्यास २,५०० गाड्यांची गरज होती. त्यांतून १९९३ सालीं 'क्लिओ विल्यम्स' जन्मास आली. पूर्वीच्या जलद क्लिओचें १,७६४ घन सेंटिमीटरचें एंजिन वाढवून १,९९८ चें केलें. सोळा झडपांच्या या यंत्राची शक्ति १५० अश्वशक्ति होती. गाडीचें वजन हजार किलोग्रॅमच्या आंत आणि वेग ताशीं सुमारें २१५ किलोमीटर. पुढच्या चाकांतील अंतर वाढविलें होतें. बाहेर गडद निळा रंग, सोनेरी चाकें. आंत पट्टे, गालिचा आणि गिअरची मूठ हींहि निळींच. गमतीची गोष्ट अशी कीं, जिच्या अंगावर विल्यम्सचें नांव होतें तिच्या घडणींत विल्यम्स संघाचा हात नव्हता. तें काम रेनोच्याच क्रीडाविभागानें केलें होतें. जॉन कूपर यांचें नांव मिनीला मिळालें तें त्यांनीं घाम गाळल्यानंतर. येथें नांव हा एक अलंकार होता.

दुसरा अलंकार होता क्रमांकाची पट्टी. पहिल्या मालिकेंत ३,८०० गाड्या क्रमांक घालून विकल्या जातील असें जाहीर झालें. शर्यतीसाठीं काढावयाच्या गाड्या त्याहून वेगळ्या. चालकाच्या समोरील फळीवर एक छोटी पट्टी, आणि तीवर त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक. श्रोतेहो, या ठिकाणीं एक मोठें स्थित्यंतर घडलें, आणि तें इतक्या हळूच घडलें कीं कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं. शर्यतीचा नियम म्हणत होता : 'निदान इतक्या.' जाहिरात म्हणूं लागली : 'फक्त इतक्या.' जो आंकडा पाया म्हणून घातला होता, तोच आतां छप्पर म्हणून दाखविला जाऊं लागला. कारखानदारावरील बंधन हें कारखानदाराचें आमिष झालें.

लोकांनीं गाडी उचलून धरली. वृत्तपत्रांतील परीक्षकांनीं तिच्या वळण घेण्याच्या कौशल्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली, आणि मागणी पुरवठ्याच्या पुढें धांवूं लागली. अशा वेळीं कारखानदारानें काय करावें? रेनोनें १९९४ सालीं 'विल्यम्स २' काढली, आणि तिच्यामागून 'विल्यम्स ३' काढली. या पुढील गाड्यांवर क्रमांकाची पट्टी नव्हती. शेवटच्या मालिकेंत निळ्या रंगाची छटाहि थोडी उजळ झाली. परंतु एंजिन तेंच, सोनेरी चाकें तींच, नांवहि तेंच. तिन्ही मालिका मिळून बारा हजारांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या.

पहिल्या मालिकेचे ग्राहक रागावले, आणि त्यांचा राग कानावर न घेण्यासारखा नव्हता. त्यांनीं केवळ एंजिनाचे व चाकांचे पैसे दिले नव्हते. अशा गाड्या थोड्याच राहतील या शब्दाचेहि दिले होते. आतां दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. दुसऱ्या मालिकेची गाडी घेणाऱ्यास तितकीच उत्तम मोटार मिळाली. पहिल्याची मोटार त्यामुळें एका खिळ्यानेंहि कमी झाली नाहीं. ज्याला गाडी चालवावयाची आहे त्याचें नुकसान काय? आणि बारा हजारांतहि क्रमांकाच्या गाड्या तेवढ्याच राहिल्या, असेंहि कोणी म्हणेल. हा युक्तिवाद शब्दशः खरा आहे. पण शब्दशः खरें असणें आणि शब्दाला जागणें यांत अंतर आहे.

आपल्या भाषेंत 'मर्यादा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सीमा, आणि दुसरा सीमेचें पालन करणाऱ्याचें शील. मर्यादा ओलांडली असें आपण नदीच्या पुराविषयीं म्हणतों आणि उर्मट माणसाविषयींहि म्हणतों. 'मर्यादित आवृत्ति' असें जो जाहीर करतो त्यानें हे दोन्ही अर्थ पत्करलेले असतात. आंकडा हा पहिला अर्थ झाला. तो सांभाळण्याची जबाबदारी हा दुसरा. पट्टीवर क्रमांक खोदणें सोपें आहे. पुढचा क्रमांक न खोदणें, तेंहि गिऱ्हाईक दारांत पैसे घेऊन उभें असतां, हें अवघड आहे.

तें अशक्य नाहीं, हें त्याच कंपनीनें पुढें दाखवून दिलें, ही समाधानाची गोष्ट होय. २००५ सालीं रेनोच्या क्रीडाविभागानें क्लिओच्याच पुढील पिढीची 'क्लिओ १८२ ट्रॉफी' काढली. तिचे धक्के शोषणारे दांडे शर्यतीच्या गाड्यांच्या जातीचे आणि महागडे होते. इंग्लंडसाठीं ५०० आणि स्वित्झर्लंडसाठीं ५०, अशी तिची संख्या ठरली, आणि ती तेवढीच राहिली. या खेपेस रॅलीच्या नियमानें कांहीं मागितलें नव्हतें. 'निदान' असें कोणी म्हणत नव्हतें. कंपनीनें आपण होऊन 'फक्त' म्हटलें, आणि तें पाळलें. आज जुन्या बाजारांत 'ट्रॉफी'चा क्रमांक सांगणाऱ्या विक्रेत्यास त्या आंकड्याची सारवासारव करावी लागत नाहीं.

मग क्लिओ विल्यम्सच्या त्या जाहिरातीचें काय करावें? जो कोणी ती वाचून गाडी पाहावयास जाईल त्यानें इतिहासकाराची रीत अनुसरावी. पट्टी हें एक साधन आहे, पुरावा नव्हे. ती स्क्रूनें निघते आणि दुसऱ्या गाडीवर बसते. सामान्य जलद क्लिओला निळा रंग देऊन सोनेरी चाकें चढविलीं म्हणजे तीहि दुरून विल्यम्स भासते. म्हणून गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, एंजिनावरील खुणा आणि नोंदणीचे कागद हीं तिन्हीं एकमेकांशीं जुळतात काय, तें पाहावें. पुढच्या चाकांतील अंतर मापावें. रंग देणाऱ्यास तें सहसा बदलतां येत नाहीं. एंजिनांतील झडपांची वेळ सांभाळणारा दातेरी पट्टा केव्हां बदलला याची पावती मागावी, कारण तो तुटला तर सोळा झडपांचें तें सुंदर यंत्र क्षणांत निकामी होतें. गंज कोठें लपला आहे तें खालीं वांकून पाहावें. ज्या विक्रेत्याजवळ तीस वर्षांच्या पावत्यांचें पुडकें आहे त्याची गाडी, नुसती पट्टी दाखविणाऱ्याच्या गाडीपेक्षां अधिक विश्वासार्ह समजावी. बखरीपेक्षां दफ्तर खरें, हा धडा आपल्या इतिहास-संशोधकांनीं आपल्याला फार पूर्वीं दिलेला आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. कारखान्यानें घातलेली मर्यादा जरी सैल निघाली, तरी काळानें आपली एक मर्यादा घातलीच. या जातीच्या चपळ गाड्यांवर त्या वेळीं चोरांची दृष्टि होती; विमेवाल्यांचे हप्ते जबर झाले; तरुण हातांत पडलेल्या कित्येक गाड्या झाडांवर आणि भिंतींवर आदळून संपल्या; कित्येक गंजून गेल्या, आणि कित्येकींचीं एंजिनें काढून दुसऱ्या गाड्यांत घातलीं गेलीं. बारा हजारांचा तो समूह वर्षानुवर्षें असा घटत आलेला आहे. त्यांत पट्टी असलेली आणि पट्टी नसलेली, असा भेद काळानें केला नाहीं.

ज्यांनीं आपली गाडी नीट राखली, वेळच्या वेळीं तेल बदललें आणि प्रत्येक पावती जपून ठेवली, त्यांच्याच गाड्या आज 'विकणें आहे' या मथळ्याखालीं मानानें उभ्या आहेत. कारखान्यानें दिलेल्या क्रमांकाइतकीच या सांभाळणाऱ्यांची पुण्याईहि त्या गाडीच्या किमतींत मिसळलेली असते. जाहिरात वाचतांना आपण क्रमांक जरूर पाहावा. परंतु त्याच्या मागें कोणाचा शब्द उभा आहे, हेंहि विचारावें.